पुरस्काराच्या दिवशीचा पत्ता

६ ऑक्टोबर २०२१ रोजी रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा बेंजामिन लिस्ट आणि डेव्हिड मॅकमिलन या दोन नावांखाली दोन पत्ते छापून आले. लिस्ट यांच्या नावाखाली जर्मनीतल्या म्युलहाइम इथली माक्स प्लांक संस्था आणि मॅकमिलन यांच्या नावाखाली अमेरिकेतलं प्रिन्स्टन विद्यापीठ. दुसऱ्या दिवशीच्या बातम्यांतही हेच पत्ते होते. पण छोट्या सेंद्रिय रेणूंना उत्प्रेरक म्हणून वापरण्याच्या ज्या कामासाठी पुरस्कार मिळाला, ते या दोनपैकी एकाही ठिकाणी सुरू झालेलं नव्हतं.

लिस्ट त्या वेळी कॅलिफोर्नियात, ला होयाच्या स्क्रिप्स संशोधन संस्थेत नुकतेच सहायक प्राध्यापक झाले होते. मॅकमिलन बर्कलीत आपली पहिलीच प्रयोगशाळा उभी करत होते. रासायनिक क्रिया घडवून आणणारे उत्प्रेरक म्हणजे एक तर धातू, नाही तर सजीवांतली एन्झाइम्स, अशी तोवरची समजूत होती. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला औषधकंपन्यांतल्या रसायनशास्त्रज्ञांनी प्रोलीन हे साधं अमिनो आम्ल एका क्रियेत उत्प्रेरक म्हणून वापरलं होतं, पण त्यातून काही मोठं निघेल असं पुढची पंचवीस वर्षं फारसं कुणाला वाटलं नाही. लिस्ट यांना वाटलं. ही कल्पना खुळचट तर नाही ना, कुणी तरी आधीच करून सोडून दिली असेल का, ही शंका मनात असतानाच त्यांनी प्रयोग केला. तिकडे मॅकमिलन यांना हवेचा आणि ओलाव्याचा स्पर्शही न सोसणाऱ्या धातूंपासून सुटका हवी होती. दोघांचे निबंध २००० साली प्रसिद्ध झाले. दोघांचाही जन्म १९६८चा. म्हणजे शोध लागला तेव्हा दोघं जेमतेम बत्तीस वर्षांचे होते, पुरस्कार आला तेव्हा त्रेपन्नचे.

या एकवीस वर्षांत दोघांचे पत्ते बदलले. तसं होणं स्वाभाविक आहे. माझा आक्षेप पुढच्या गोष्टीला आहे. आपण हा शेवटचा पत्ता उचलतो, त्यावरून संस्थांच्या याद्या करतो, देशांची क्रमवारी लावतो आणि त्या क्रमवारीच्या आधारे विज्ञानावर पैसा कुठे खर्च करायचा हेही ठरवतो. सुरुवातीचं मोजमापच चुकलं की पुढचे निर्णय चुकतात, आणि या चुकीची किंमत आज तिशीत असलेले संशोधक मोजत आहेत असं माझं ठाम मत आहे.

शांघायमधून २००३पासून जगभरच्या विद्यापीठांचं एक मानांकन प्रसिद्ध होतं. त्यात शंभरापैकी वीस गुण नोबेल किंवा गणितातलं फील्ड्स पदक मिळवलेल्या अध्यापकांसाठी आहेत. आणखी दहा गुण असे पुरस्कार मिळवलेल्या माजी विद्यार्थ्यांसाठी. आता ‘अध्यापक’ कोण, तर पुरस्कार मिळाला त्या क्षणी जो त्या विद्यापीठात नोकरीला आहे तो. ‘माजी विद्यार्थी’ कोण, तर ज्यानं तिथून पदवी, पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी. घेतली तो. या व्याख्यांप्रमाणे मॅकमिलन यांचं श्रेय प्रिन्स्टनला जातं आणि शिकवल्याबद्दल ग्लासगो आणि अर्व्हाइनला जातं. ज्या बर्कलीनं एका नवख्या माणसाला रिकामी खोली आणि पहिले विद्यार्थी दिले, तिच्या वाट्याला या शोधाचे शून्य गुण. पीएच.डी.नंतर दोन-चार वर्षं ज्या प्रयोगशाळेत काढतात, जिथे बहुतेकांना स्वतःचा प्रश्न सापडतो, ती पोस्टडॉकची जागा तर हिशेबात कुठेच नाही.

अनेक सरकारं आणि अनेक विद्यापीठं हे मानांकन डोळ्यांसमोर ठेवून धोरणं आखतात, म्हणून या तपशिलाला महत्त्व आहे. ‘जागतिक दर्जाचं’ विद्यापीठ उभारायचं म्हटलं की नावाजलेली, पन्नाशी-साठीतली माणसं मोठ्या पगारावर आणायची, हा मार्ग त्यातूनच सुचतो. त्या माणसांबद्दल मला आदर आहे. पण त्यांना आणून आपण त्यांचं पूर्ण झालेलं काम विकत घेत असतो.

हे काही आजचं नाही. रसायनशास्त्राचं अगदी पहिलं नोबेल १९०१ साली याकोबुस व्हान्ट हॉफ यांना मिळालं, तेव्हा ते बर्लिनमध्ये होते. रासायनिक क्रियांचा वेग आणि द्रावणांतला परासरण दाब यांवरचं त्यांचं काम १८८०च्या दशकात अ‍ॅमस्टरडॅममध्ये झालेलं. त्याही आधी, १८७४मध्ये, कार्बनचे चार हात चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे पसरलेले असतात हा विचार त्यांनी मांडला तेव्हा ते बावीस वर्षांचे होते. १८७६मध्ये त्यांना नोकरी मिळाली ती उट्रेख्टच्या पशुवैद्यक शाळेत. जर्मनीतल्या हेरमान कोल्बे या बड्या रसायनशास्त्रज्ञानं त्याच नोकरीवरून त्यांची छापील टवाळी केली होती.

१९०८चं उदाहरण तर मला सगळ्यांत बोलकं वाटतं. अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या नावापुढे मँचेस्टर लिहिलं गेलं. ते तिथे जाऊन वर्षच झालं होतं. मूलद्रव्यं आपोआप विघटित होतात, एकाचं दुसऱ्यात रूपांतर होतं, हे ज्या प्रयोगांतून सिद्ध झालं ते कॅनडात, मॉन्ट्रियलच्या मॅगिल विद्यापीठात झाले होते. रदरफर्ड १८९८मध्ये तिथे गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते. न्यूझीलंडमध्ये शिकून केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत तयार झालेला हा तरुण युरोपातल्या विद्यापीठांपासून समुद्रापार जाऊन पडला, असं तेव्हा कुणालाही वाटलं असेल. पण मॅगिलमध्ये विल्यम मॅक्डोनल्ड या तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या देणगीतून उत्तम उपकरणांची प्रयोगशाळा उभी राहिलेली होती. १९००मध्ये फ्रेडरिक सॉडी हा तेवीस वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाला. पुढच्या दोन वर्षांत या दोघांनी अणूविषयीची कल्पनाच बदलून टाकली. सॉडी यांना पुढे स्वतंत्रपणे १९२१चं नोबेल मिळालं, समस्थानिकांसाठी, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंसाठी. ते काम ग्लासगोमध्ये झालं होतं आणि पुरस्काराच्या वेळचा पत्ता होता ऑक्सफर्ड.

एदुआर्ड बुकनर यांनी यीस्टच्या जिवंत पेशींशिवाय, नुसत्या रसानं किण्वन घडवून दाखवलं ते १८९७मध्ये, ट्युबिंगेनला असताना. १९०७ला पुरस्कार मिळाला तेव्हा ते बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात होते. व्हिक्टर ग्रिन्यार यांचं काम लियाँचं, पत्ता नान्सीचा. फ्रिट्झ हाबर यांनी हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया थेंबाथेंबानं गोळा करून दाखवला तो जुलै १९०९मध्ये, कार्ल्सरूहच्या तांत्रिक विद्यालयात, रॉबर्ट ल रोसिन्योल या सहकाऱ्याच्या कुशल हातांच्या बळावर. नोबेल आलं बर्लिनच्या पत्त्यावर. बर्लिनकडे तेव्हा पैसा होता, साम्राज्याची राजधानी म्हणून मान होता, आणि यशस्वी माणसं तिकडे ओढली जात होती. पुढे हीच ओढ अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांकडे वळली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली उदाहरणं पाहताना मी थक्क होतो, कारण त्यांतले पत्ते फारच अनपेक्षित आहेत. इलेक्ट्रॉन एका रेणूवरून दुसऱ्यावर कसा उडी मारतो याचा रुडॉल्फ मार्कस यांचा सिद्धांत १९५६चा, ब्रुकलिनच्या पॉलिटेक्निक संस्थेतला. त्यांना १९९२मध्ये पुरस्कार मिळाला तेव्हा ते कॅल्टेकमध्ये होते. छत्तीस वर्षांचं अंतर! रिचर्ड एर्न्स्ट यांचा पत्ता झुरिकचा, पण रेणूंची रचना ओळखण्याचं एनएमआर तंत्र कितीतरी पट संवेदनशील करणारी त्यांची पहिली मोठी उडी १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या व्हेरियन या उपकरणं बनवणाऱ्या कंपनीतली. डॅन शेख्टमन इस्रायलच्या टेक्निऑनचे. पण अशक्य मानल्या गेलेल्या दहा-पट सममितीचा स्फटिक त्यांना एप्रिल १९८२मध्ये दिसला तो अमेरिकेच्या मानक संस्थेत, पाहुणे संशोधक म्हणून काम करताना. तिथल्या गटप्रमुखानं त्यांना गट सोडून जायला सांगितलं होतं, हेही नोंदवून ठेवलं पाहिजे.

२०१७चा पुरस्कार घ्या. अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनासाठी तिघांना तो मिळाला. योआखिम फ्रांक यांचा पत्ता कोलंबिया विद्यापीठ. पण हजारो धूसर प्रतिमा जुळवून एक स्पष्ट त्रिमितीय आकार काढण्याची पद्धत त्यांनी जिथे विकसित केली, ती न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याची ऑल्बनी इथली वॉड्सवर्थ प्रयोगशाळा होती. राज्य सरकारची, सार्वजनिक आरोग्याच्या कामाची प्रयोगशाळा. १९७५पासून तीसहून अधिक वर्षं ते तिथे होते आणि २००८मध्ये कोलंबियाला गेले. जाक दुबोशे यांचा पत्ता लोझान. पाण्याला बर्फाचे स्फटिक होऊ न देता काचेसारखं गोठवण्याची त्यांची युक्ती १९८०च्या दशकाच्या सुरुवातीची, हायडेलबर्गच्या युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेतली. तिघांपैकी एकट्या रिचर्ड हेंडरसन यांचा पत्ता आणि कामाची जागा एकच होती, केंब्रिज.

श्टेफान हेल यांची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. रुमानियातून किशोरवयात जर्मनीत आलेला हा मुलगा हायडेलबर्गमध्ये पीएच.डी. झाला. प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा असते, तिच्याखालचे तपशील दिसूच शकत नाहीत, असं शतकभर पाठ्यपुस्तकांत लिहिलेलं होतं. ही मर्यादा ओलांडता येईल असं म्हणणाऱ्या माणसाला जर्मनीत कुणी पक्की जागा दिली नाही. फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठात त्यांना काम करायची संधी मिळाली. तिथे १९९३मधल्या एका शनिवारी सकाळी, खोलीत बसून क्वांटम प्रकाशशास्त्राचं पुस्तक चाळताना, एका किरणानं रेणू उजळवायचे आणि दुसऱ्या किरणानं कडेचे रेणू विझवायचे ही कल्पना त्यांना सुचली. १९९४मध्ये ती छापून आली. ती प्रत्यक्षात उतरली मात्र पुढे गटिंगेनला, माक्स प्लांक संस्थेत, जिथे त्यांना तरुण संशोधकांसाठीची जागा मिळाली. २०१४ला पुरस्कार गटिंगेनच्या पत्त्यावर आला, आणि तो चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. गटिंगेननं यंत्रं दिली, माणसं दिली, सिद्धता दिली. पण तुर्कूनं त्या आधीची अवघड वर्षं दिली, जेव्हा हाती दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. यादीत तुर्कू नाही.

म्हणून ‘शोध कुठे लागला’ याचं उत्तर बहुतेक वेळा एका ओळीत मावत नाही. लिथियम-आयन बॅटरीचंच पाहा. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांनी १९७०च्या दशकात एक्सॉन या तेलकंपनीत सुरुवात केली. जॉन गुडइनफ यांनी १९८०मध्ये ऑक्सफर्डमध्ये लिथियम कोबाल्ट ऑक्साइड पुढे आणलं. अकिरा योशिनो यांनी १९८५मध्ये जपानच्या आसाही कासेई कंपनीत सुरक्षित, वापरता येईल अशी रचना केली. १९९१मध्ये सोनीनं ती बाजारात आणली. २०१९ला पुरस्कार मिळाला तेव्हा गुडइनफ सत्त्याण्णव वर्षांचे होते आणि पत्ता होता टेक्सासचा. ऑक्सफर्डमध्ये सक्तीच्या निवृत्तीचं वय जवळ आलं म्हणून ते १९८६मध्ये टेक्सासला गेले होते. आता हा पुरस्कार कुठल्या देशाच्या खात्यात टाकायचा? जो कुणी ठामपणे एक नाव सांगेल त्यानं या साखळीतली निम्मी माणसं पुसून टाकलेली असतील.

कंपन्यांच्या प्रयोगशाळा हा या चर्चेत नेहमी राहून जाणारा भाग. अर्व्हिंग लँगम्यूर १९३२ला जनरल इलेक्ट्रिकमध्ये होते. क्राउन ईथर शोधणारे चार्ल्स पीडरसन ड्यूपाँ कंपनीत आयुष्यभर राहिले, पीएच.डी.शिवाय. विल्यम नोल्स मॉन्सँटोत होते. रिचर्ड हेक यांच्या पॅलेडियमवरच्या कामाची सुरुवात हर्क्युलिस कंपनीतली. क्वांटम ठिपक्यांवरचं लुईस ब्रस यांचं काम १९८३मध्ये बेल प्रयोगशाळेत झालं. कोइची तानाका यांना २००२मध्ये पुरस्कार मिळाला तेव्हा ते क्योटोच्या शिमाद्झू कंपनीत अभियंते होते, विद्युत अभियांत्रिकीचे पदवीधर. चुकून ग्लिसरीन आणि कोबाल्टची भुकटी एकत्र झाली, ते मिश्रण त्यांनी फेकून न देता तपासलं आणि मोठे प्रथिन-रेणू न मोडता तोलायचा मार्ग सापडला. या प्रयोगशाळा वर्ष-दोन वर्षांत नफा मागत नव्हत्या, म्हणून हे होऊ शकलं. त्यांतल्या कितीतरी आज आक्रसल्या आहेत किंवा बंद झाल्या आहेत. विद्यापीठांच्या मानांकनात त्यांना रकानाच नसल्यामुळे हे नुकसान कुठे नोंदलंही जात नाही.

आता दुसरी बाजू. कुणी विचारेल, संस्थेला काहीच महत्त्व नाही का? कुठेही, कसंही शोध लागतात का? मुळीच नाही. शिकण्याच्या बाबतीत जागेला आणि गुरूला प्रचंड महत्त्व आहे. युस्टुस लीबिग यांनी १८२४मध्ये, एकवीस वर्षांचे असताना, गीसन नावाच्या छोट्या गावात विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष हातानं प्रयोग करायला लावणारी प्रयोगशाळा सुरू केली. तिथे केकुले तयार झाले. केकुलेंजवळ बायर शिकले, बायरजवळ एमिल फिशर, फिशरजवळ ओटो वारबुर्ग, वारबुर्गजवळ हान्स क्रेब्स. यांतल्या शेवटच्या चौघांना नोबेल मिळालं, दोघांना रसायनशास्त्राचं, दोघांना वैद्यकाचं. समाजशास्त्रज्ञ हॅरिएट झुकरमन यांनी १९७२पर्यंतच्या, अमेरिकेत काम केलेल्या ९२ विज्ञान-नोबेल विजेत्यांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांतले ४८ जण आधीच्या एखाद्या विजेत्याच्या हाताखाली शिकलेले किंवा राबलेले निघाले.

निम्म्याहून जास्त! यात ओळखीपाळखीचा आणि शिफारशींचा वाटा नक्कीच आहे. पण माझ्या मते मोठा वाटा दुसऱ्या गोष्टीचा आहे. चांगल्या गुरूच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी तंत्र शिकतोच, शिवाय कुठला प्रश्न धरायचा आणि कुठला सोडायचा हे त्याला रोज बघायला मिळतं. फसलेल्या प्रयोगानंतर मोठा माणूस काय करतो हे पाहायला मिळतं. हे पुस्तकातून येत नाही, संगतीतून येतं. बर्कलीचे गिल्बर्ट लुईस यांना स्वतःला नोबेल कधीच मिळालं नाही. पण युरी, जिओक, सीबोर्ग, लिबी हे त्यांच्या विभागात तयार झालेले चौघं विजेते झाले. युरी यांनी ड्यूटेरियम शोधलं कोलंबियात, लिबी यांची कार्बन-कालमापनाची पद्धत शिकागोची. लुईस यांच्या विभागाचं मोल पुरस्काराच्या पत्त्यांवरून कसं कळणार?

केंब्रिजच्या रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेचं नाव माझ्याविरुद्धचा पुरावा म्हणून पुढे केलं जाईल. पेरुट्झ, केंड्र्यू, सँगर, क्लूग, वॉकर, रामकृष्णन, हेंडरसन, विंटर. एकाच छपराखाली इतकी रसायन-नोबेलं. मग पैसा अशाच ठिकाणी का ओतू नये? पण ही जागा मोठी कशी झाली ते पाहावं लागेल. माक्स पेरुट्झ १९३६मध्ये व्हिएन्नाहून केंब्रिजला आले तेव्हा बावीस वर्षांचे होते. १९३७मध्ये त्यांनी हिमोग्लोबिनच्या स्फटिकांवर क्ष-किरण टाकायला सुरुवात केली. दहा वर्षांनंतर, १९४७मध्ये, ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं त्यांच्यासाठी आणि केंड्र्यू यांच्यासाठी एक इवलासा विभाग मंजूर केला. तेव्हाही हाती रचना नव्हती. ती आली १९५९मध्ये, बावीस वर्षांनी. आजच्या कुठल्याही अनुदान समितीसमोर बावीस वर्षं फळ न दिलेला प्रकल्प ठेवून पाहा. परिषदेनं ख्यातनाम माणसाचं नाव विकत घेतलं नव्हतं. दोन अनोळखी माणसांना तिनं वेळ दिला होता. या प्रयोगशाळेच्या उदाहरणावरून घेण्यासारखं काही असेल तर ते हेच.

वेंकटरामन रामकृष्णन यांची वाटही तपासून पाहा. बडोद्यात भौतिकशास्त्राची पदवी, अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठातून भौतिकशास्त्रातच पीएच.डी., मग सगळं बाजूला ठेवून सान दिएगोत जीवशास्त्राचे पुन्हा विद्यार्थी. येलमध्ये पीटर मूर यांच्याजवळ रायबोसोमशी, म्हणजे पेशीत प्रथिनं तयार करणाऱ्या यंत्रणेशी, गाठ पडली. नंतर प्राध्यापकीसाठी सुमारे पन्नास अर्ज केले आणि कुठेच डाळ शिजली नाही. राष्ट्रीय प्रयोगशाळांत काही वर्षं काढली, पुढे युटा विद्यापीठ. १९९९मध्ये कमी पगार पत्करून ते केंब्रिजला गेले, कारण हा अवघड प्रश्न तिथे निवांतपणे धरून ठेवता येईल असं त्यांना वाटलं. २०००मध्ये रायबोसोमच्या लहान घटकाची रचना आली. २००९मध्ये नोबेल आल्यावर जन्मभूमीतून कौतुकाचा पूर लोटला, तेव्हा कुठल्या देशात जन्मलो हा योगायोग आहे असं ते स्पष्टपणे म्हणाले होते. अनेकांना ते लागलं. मला ते प्रामाणिक वाटलं. ज्या पन्नास ठिकाणांनी अर्ज नाकारले त्यांनी आणि ज्या दोन-चार जागांनी आसरा दिला त्यांनी, या दोन्ही गटांनी या गोष्टीत जी भूमिका बजावली ती जन्मगावापेक्षा मोठी आहे.

आणि आसरा हा शब्द इथे अक्षरशः लागू पडतो. ७ एप्रिल १९३३ला जर्मनीत सरकारी नोकऱ्यांतून ज्यूंना काढण्याचा कायदा आला. त्याच महिन्याच्या शेवटी हाबर यांनी राजीनामा दिला आणि वर्ष पुरं व्हायच्या आत परदेशात त्यांचा अंत झाला. क्रेब्स फ्रायबुर्गमधून काढले गेले. गेरहार्ड हर्झबर्ग यांची पत्नी ज्यू होती. १९३५मध्ये त्यांना घेणारं विद्यापीठ निघालं कॅनडाच्या सस्कॅचवनमधलं. तिथे त्यांनी दहा वर्षं काढली. १९७१ला नोबेल आलं ते ऑटवाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेतल्या कामासाठी. गवताळ सपाटीवरच्या त्या विद्यापीठानं एका परागंदा माणसाला जागा दिली नसती तर पुढचं काहीच झालं नसतं. लीबिगपासून शंभर वर्षं जपून वाढवलेली परंपरा जर्मनीनं काही महिन्यांत स्वतःच्या हातानं तोडली. ज्या देशांना आज बाहेरच्या संशोधकांसाठी दारं लावून घ्यावीशी वाटतात, त्यांनी १९३३नंतरची ही यादी शांतपणे वाचावी.

जे शोध हातून निसटतात त्यांची तर यादीच होत नाही. समुद्रातल्या जेलीफिशमध्ये सापडणाऱ्या हिरव्या चमकत्या प्रथिनाचं जनुक डग्लस प्रॅशर यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होलच्या सागरविज्ञान संस्थेत वेगळं केलं. १९९२मध्ये ते प्रसिद्ध झालं. अनुदान संपत आलं होतं, नवं मिळत नव्हतं. ते जनुक त्यांनी मार्टिन चाल्फी आणि रॉजर च्येन यांना पाठवून दिलं आणि स्वतः ते क्षेत्र सोडलं. २००८मध्ये चाल्फी, च्येन आणि ओसामु शिमोमुरा यांना या प्रथिनासाठी नोबेल मिळालं. त्या दिवशी प्रॅशर अलाबामात मोटारी विकणाऱ्या एका दुकानाची ग्राहकांना ने-आण करणारी गाडी चालवत होते. चाल्फी आणि च्येन यांनी त्यांना स्वखर्चानं स्टॉकहोमला नेलं, ही त्या दोघांची माणुसकी. पण ऐन भरात असलेल्या संशोधकाला तीन-चार वर्षांचा पगार न देऊ शकणारी व्यवस्था ही माणुसकीनं भरून निघणारी गोष्ट नाही. ही गोष्ट मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला राग येतो.

मग मोजायचं काय? माझं पहिलं मागणं साधं आहे. पुरस्काराची बातमी लिहिताना, पाठ्यपुस्तक लिहिताना, संस्थेची जाहिरात करताना आजच्या पत्त्याशेजारी काम जिथे झालं त्या जागेचं नाव आणि त्या वेळचं वय, पद लिहावं. ‘२०००, स्क्रिप्स, सहायक प्राध्यापक, वय ३२.’ एवढ्या चार शब्दांनी वाचणाऱ्याच्या मनातलं चित्र बदलतं. मानांकन करणाऱ्यांना हे अवघड नाही. पुरस्कृत निबंध कुठले आणि त्यांवर कुठल्या संस्थेचं नाव आहे, हे छापील आहे.

दुसरं मागणं पैशाचं आहे आणि त्यावर मतभेद होणार. एका नामांकित वयस्क संशोधकाला आणायला जे लागतं, त्यात तिशीतल्या कित्येकांना आठ-दहा वर्षांची निर्धास्त जागा देता येते. त्यांतल्या बहुतेकांच्या हाती नोबेलच्या तोडीचं काही लागणार नाही. कुणाच्या हाती लागेल हे आधी कळत नाही, हाच तर या सगळ्या उदाहरणांचा अर्थ आहे. यावर असं म्हटलं जातं की थोडा पैसा सर्वत्र शिंपडला की कुठेच काही उगवत नाही, महागडी यंत्रं एका जागी असायला हवीत. यंत्रांबाबत हे मला मान्य आहे. सिंक्रोट्रॉन हे प्रखर क्ष-किरण देणारं अवाढव्य यंत्र किंवा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक गावोगावी बसवता येत नाही. पण यंत्र एका जागी ठेवून ते वापरणारी माणसं अनेक ठिकाणची असू शकतात. रायबोसोमच्या रचना तशाच आल्या. अर्जेंटिनात लुईस लेलुआर यांनी १९४७मध्ये एका कापड-उद्योजकाच्या देणगीवर, ब्वेनोस आयरेसमधल्या एका छोट्या घरात संस्था सुरू केली. दोरीनं बांधलेल्या मोडक्या खुर्चीवर बसून काम करतानाचं त्यांचं छायाचित्र प्रसिद्ध आहे. शर्करा शरीरात कशा जोडल्या जातात हे तिथे उलगडलं आणि १९७०चं नोबेल त्याच पत्त्यावर आलं. गरिबीचं कौतुक म्हणून मी हे सांगत नाही. लेलुआर यांना चांगली खुर्ची मिळायला हवी होती. पण त्यांच्याकडे केंब्रिजमध्ये घेतलेलं शिक्षण होतं, शरीरक्रियाशास्त्रज्ञ बेर्नार्दो उसाय यांच्यासारखा गुरू होता आणि कुणी घाई करत नव्हतं.

२०२५चं नोबेल तिघांना मिळालं, धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या सच्छिद्र जाळ्यांसाठी. ओमर याघी यांचा पत्ता बर्कली. त्यांची गाजलेली रचना १९९९ची, मिशिगन विद्यापीठातली. सुसुमू कितागावा यांचा पत्ता क्योटो. १९९७चं काम टोकियो महानगर विद्यापीठातलं. तिसरे रिचर्ड रॉब्सन. १९७४मध्ये मेलबर्न विद्यापीठात विद्यार्थ्यांना रेणूंच्या रचना शिकवायला त्यांना लाकडी गोळ्यांचे नमुने हवे होते. प्रत्येक गोळ्यात भोकं योग्य कोनांत पाडायला त्यांनी ते विद्यापीठाच्या कारखान्यात दिले. गोळे परत आले, काड्या बसवायला घेतल्या, आणि रॉब्सन यांच्या लक्षात आलं की भोकांच्या जागांमध्येच पुढची सगळी रचना दडलेली आहे. गोळ्यांच्या जागी खरे रेणू घेतले तर? दर वर्षी शिकवण्यासाठी ते नमुने बाहेर निघत आणि दर वर्षी तो विचार परत येई. प्रयोगाला हात घालायला दहाहून अधिक वर्षं गेली, पहिला निबंध आला १९८९मध्ये. पुरस्कार जाहीर झाला तेव्हा ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते आणि त्यांच्या नावाखाली लिहिलेलं होतं: मेलबर्न विद्यापीठ.